जर्सीचा रंग येतो कुठून?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तापला, की आपल्या शिरोळ तालुक्यातही त्याची चर्चा रंगते. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावं बघा : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ही सगळी तालमींची नावं. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठापेठांत तालमी बहरल्या आणि पुढं त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलही आपलासा केला. संघाला वेगळं नाव शोधायची गरजच पडली नाही. टोपणनाव म्हणाल, तर ‘पाटाकडील तालीम मंडळ’ हे लांबलचक नाव ओरडायला अवघड, म्हणून त्याचं ‘पीटीएम’ झालं. विषय संपला!

साहेबांच्या देशातही असंच घडलं. लंडनजवळ वुलिच इथं तोफा आणि दारूगोळा बनवणारा सरकारी कारखाना होता. तिथल्या कामगारांनी 1886 मध्ये संघ काढला. कामगारच ते, जर्सीला पैसे कुठले? त्यांच्यातले काही जण पूर्वी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेले. त्यांनी जुन्या संघाला पत्र धाडलं. फॉरेस्टनं लाल शर्ट पाठवले, सोबत एक चेंडूही दिला. तोच आजचा आर्सेनल. संघ 1913 मध्ये उत्तर लंडनला गेला, तरी रंग लालच आणि नाव ‘गनर्स’, म्हणजे तोपची!

इटलीतल्या युव्हेंटसची गंमत तर त्याहून न्यारी. तुरीनच्या शाळकरी मुलांनी 1897 मध्ये हा संघ काढला. जर्सी होती गुलाबी. धुऊन धुऊन ती पार विटून गेली. संघातल्या एका इंग्रज खेळाडूनं 1903 मध्ये ओळखीतून नवे शर्ट मागवले. आले ते नॉट्स काउंटीचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. म्हणजे हेही नॉटिंगहॅमचेच! त्या पट्ट्यांवरून युव्हेंटसला ‘झेब्रा’ म्हणतात. या उसनवारीची आठवण त्यांनी 2011 मध्ये ठेवली. नवं स्टेडियम उघडताना पहिला सामना खेळायला नॉट्स काउंटीलाच बोलावलं. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला.

आता शेजारच्या गोव्यात या. तिथं धेंपो, साळगावकर ही उद्योगघराण्यांची नावं संघांना लागली. 2014 मध्ये एफसी गोवा आला, त्यानं मात्र राज्याचा प्राणी उचलला : गवा. चिन्हावर गवा, चाहत्यांच्या तोंडी गवा. आपल्याला हा प्राणी काही परका नाही. राधानगरी-दाजीपूरचं जंगल गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे आणि तो शिवारात शिरला, की कोल्हापूर जिल्ह्यात अजूनही बातमी होते. पण नाव लावायचं सुचलं ते गोव्याला.

या सगळ्यातून एक गोष्ट ध्यानात येते. रंग उसना असला तरी चालतो. फॉरेस्टचा लाल आर्सेनलचा झाला, कारण पिढ्यान्‌पिढ्या पोरं तोच घालून खेळली. नाव मात्र उसनं आणून टिकत नाही. ते कारखान्यातून, पेठेतून, रानातून यावं लागतं.

आपल्याकडं गावोगावी पोरं संघ काढतात, तेव्हा बाजारातून बार्सिलोनाची नाहीतर रेआल माद्रिदची जर्सी आणतात आणि पुढच्या वर्षी बदलूनही टाकतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे : पोरांनो, कृष्णा आणि पंचगंगा आपल्याच तालुक्यात, नृसिंहवाडीला भेटतात. महापुरात माणसं काढायला होड्या इथंच धावल्या. उसाच्या फडात कोयता इथंच चालतो. यातलं एखादं नाव घ्या. रंग मिळेल तो घ्या, पण एकदा घेतला, की निदान दहा वर्षं बदलू नका.