मांजर दूधभातावर जगत नाही

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरते घेतले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावाआधी 'डॉक्टर' छापले आहे, ते आधी खोडतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. ३१ वर्षे नोकरी केली ती गायी, म्हशी, बैल आणि शेळ्यांची. लसीकरण, खुरांचे रोग, अडलेले वेत. एवढ्या वर्षांत दवाखान्याच्या रजिस्टरवर माझ्या हाताने 'मांजर' हा शब्द एकदाही लिहिला गेला नाही. आमच्या भागात मांजराला कोणी दवाखान्यात आणतच नसे. तरी सोसायटीत सगळे मला डॉक्टर म्हणतात, आणि त्या नावामुळेच मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून जी चूक झाली ती मी आज सांगणार आहे. मुलांनी विषय दिला आहे, 'मांजरीचे पिल्लू कमी खर्चात कसे वाढवावे'. पण आधी चूक.

बी विंगच्या मीटरच्या खोलीत तीन पिल्ले सापडली, हे बहुतेकांना आठवत असेल. जुलैचा महिना, चार दिवसांची झड लागलेली. डोळे नुकतेच उघडले होते, म्हणजे वय दहा-बारा दिवसांचे. त्यांची आई त्याआधी दोन दिवस कोणीतरी पोत्यात घालून लांब सोडून आले होते. कोणी, ते मी विचारले नाही. ती व्याली आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि रात्री ओरडणाऱ्या मांजरीचा त्रास मलाही होत होताच. मुले माझ्याकडे धावत आली. "आजोबा, दूध पाजू का?" मी पेपर वाचत होतो. पेपरातून डोके वर न काढता म्हणालो, "पाजा. थोडं पाणी घाला त्यात."

बाळाला वरचे दूध देताना पाणी घालायची जुनी सवय, तीच तोंडून निघाली. मुलांनी सांगितले तसे केले. पिशवीतले दूध, पाणी, कापसाची वात. दुसऱ्या दिवशी तिन्ही पिल्लांना पातळ हगवण. तिसऱ्या दिवशी पहाटे एक गेले, संध्याकाळी दुसरे. पहिले गेले तेव्हा चौथीतली एक मुलगी मला म्हणाली, "पण तुम्हीच सांगितलं होतं ना?" मी काय बोलणार?

त्या रात्री मी जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. ते खरे डॉक्टर, पशुवैद्यकीय पदवीधर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पिल्लू गरम आहे का?" मी हात लावून पाहिला. थंडगार. ते म्हणाले, "मग आधी काहीही पाजू नका. थंड पिल्लाचे आतडे चालत नाही, पाजलेले पोटात तसेच पडून राहते. आधी ऊब द्या, मग दूध." तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही, ती आईच्या पोटाकडून येते. आम्ही कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली, पिल्लाला हवे तर सरकता येईल अशी जागा मोकळी ठेवली. दोन तासांनी ते हलायला लागले.

आता दुधाचे. मांजरीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. म्हणजे गायीचे दूध पिल्लासाठी मुळातच निम्म्या ताकदीचे, त्यात मी पाणी घालायला सांगितले. शिवाय त्यातली दुधाची साखर, लॅक्टोज, पिल्लाला झेपत नाही, त्याने हगवण लागते. एवढ्याशा जिवाच्या अंगातले पाणी एका दिवसात संपते. भूक आणि हगवण, दोन्ही आम्हीच वाटीतून दिली.

डॉक्टरांनी त्या रात्रीपुरते घरी करायचे एक मिश्रण सांगितले होते. त्याचे प्रमाण मी इथे देत नाही. छापले की कोणीतरी महिनाभर तेच पाजत बसेल, आणि ते एका रात्रीचेच आहे. दुसऱ्या दिवशी पिल्लांसाठीची दूध-पावडर आणली. डबा स्वस्त नव्हता. बारा घरांनी पैसे काढले, त्यात मांजराचे नाव काढले की नाक मुरडणारी दोन घरेही होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू ठेवले तर भरले १५० ग्रॅम. त्या वयाला २०० च्या पुढे हवे होते. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाच-सहा मिली. पालथे धरून पाजायचे, बाळासारखे उताणे कधीच नाही, दूध फुप्फुसात जाते. पाजून झाले की ओल्या कापसाने खालून हलके पुसायचे, आई चाटते तसे, त्याशिवाय पिल्लाला लघवी होत नाही. रात्रीची पाळी माझी आणि सौ.ची. मुलांनी वहीत रोज वजन लिहिले. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला पाहिजे. एके दिवशी आठ ग्रॅम कमी भरले, तेव्हा अख्खी बी विंग माझ्या दारात उभी होती. मग कळले, त्या दिवशी लघवी वजनाआधी झाली होती.

खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. सगळ्यात स्वस्त दूध पिल्लाच्या आईचे. पिल्ले दिसली की लगेच उचलू नका. पावसात भिजत नसतील, कुत्र्याचे भय नसेल, तर लांबून काही तास बघा. आई खायला गेलेली असते, ती येते. तिला तिथेच चांगले खायला घाला, ती पिल्लांना पाजेल. एका मांजरीला महिनाभर खाऊ घालणे हे तीन पिल्लांना डब्याने वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि रात्री उठावे लागत नाही.

आमचे पिल्लू वाचले. माझ्या गावावरून, म्हणजे आपल्या गोंदियाच्या धानावरून, मुलांनी तिचे नाव धानी ठेवले.

ती पाच आठवड्यांची असताना दवनीवाड्याहून माझा धाकटा भाऊ आला होता. काटा, वही, तक्ता पाहून म्हणाला, "दादा, येवढं मोजमाप कायले करून राहिला गा? आपल्या घरी तं मांजरी दूधभातावरच वाढल्या ना!"

त्याचे म्हणणे मला रात्रभर पुरले. खरेच, दवनीवाड्याच्या आमच्या घरी आजी रोज संध्याकाळी ताटलीत दूधभात कालवून ठेवायची. चार-पाच मांजरी हमखास असायच्या, तुकतुकीत. मग तिथे दूधभात चालला आणि इथे का नाही?

कारण तिथल्या मांजरी दूधभातावर जगतच नव्हत्या. घरात धानाची कोठी होती, आणि कोठी म्हटली की उंदीर. पावसाळ्यात बांधीत मासे चढायचे, ढिवरांच्या घरून तलावाची मासळी यायची, तिची डोकी-आतडी सांदवाडीत पडायची. रात्रभर मांजरी तेच खायच्या. संध्याकाळचा दूधभात म्हणजे पाहुण्याला पुढे केलेला पानाचा विडा. आम्हाला दिसायचा तेवढाच, म्हणून आम्ही समजलो की तेच त्यांचे जेवण. उंदीर हे मांजराचे पूर्ण ताट आहे: मांस, काळीज, हृदय, हाडांचा चुना, सगळे त्यात येते. आपल्या सोसायटीत कोठी नाही, बांधी नाही, फरशी रोज फिनेलने पुसतो. इथे दूधभात दिला तर तेवढेच तिचे जेवण उरते.

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे मांजर व्यायची तेव्हा चार पिल्ले असायची, दिवाळीपर्यंत एक राहायचे. बाकीची 'बोक्याने नेली'. किती बोक्याने नेली आणि किती कशाने गेली, हे कोणी पाहिले? वही आमच्या घरी नव्हती.

मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. तिला टॉरिन नावाचा एक पदार्थ लागतो, तो मांसात आणि मासळीत असतो, डाळ-भात-पोळीत नसतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा जातो आणि हृदय ढिले पडते. हृदयाचे हे कारण अमेरिकेत १९८७ मध्ये कळले. तोवर तिकडची डबाबंद अन्न खाणारी मांजरेसुद्धा त्याने मरत होती. डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टॉरिन दिले की हृदय सुधारते. त्यानंतर कंपन्यांनी अन्नात त्याचे प्रमाण वाढवले. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही याचे हेही एक कारण. कुत्रा ते स्वतः तयार करू शकतो, मांजर पुरेसे करू शकत नाही.

तर चार आठवडे झाले, दात आले, की हळूहळू खाण्याकडे वळवा. आम्ही असे केले: चिकनवाल्याकडून पोटा आणि दिल घ्यायचे, छातीच्या मांसापेक्षा ते स्वस्त. साध्या पाण्यात शिजवायचे. मीठ नाही, हळद-तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आपल्या सावजी रश्शातला तुकडा प्रेमाने बाजूला काढून देणाऱ्यांनी हात आवरावा. शिजवलेले मिक्सरमधून काढायचे आणि ज्या पाण्यात शिजवले तेही त्यातच मिसळायचे, कारण टॉरिन पाण्यात उतरते. पाणी मोरीत ओतले तर चांगला भाग मोरीला गेला. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, अंगठ्याच्या नखाएवढी, रोज नको, अ जीवनसत्त्व जास्त होते. नुसत्या मांसात कॅल्शियम नसते, पिल्लाची हाडे वाकतात. त्यासाठी अंड्याची टरफले धुऊन, भाजून, अगदी पिठासारखी कुटायची. अर्धा किलो मांसाला चहाचा अर्धा चमचा. शिजलेले हाड देऊ नका, त्याच्या चिरफळ्या होतात.

मासळी द्या, पण शिजवून आणि काटे काढून. कार्प जातीच्या कितीतरी कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, शिजवल्याने तो जातो. खारवलेले सुकट नको.

आता मी घरच्या अन्नाचा एवढा पुरस्कार केला, पण हिशोब मांडल्यावर माझेच मत थोडे बदलले. अर्धा किलोच्या पिल्लाला दिवसाला १०० ते १२५ कॅलरी लागतात. पिल्लांच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ४०० च्या आसपास असतात. म्हणजे दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिनाभर जाते. पिशवीची किंमत ऐकून आपण दचकतो, पण दिवसावर भागून पाहा, टपरीवरच्या एक-दोन चहाचे पैसे. शिवाय टॉरिन, कॅल्शियम, सगळे त्यात मोजून घातलेले. पिशवीवर 'किटन' लिहिलेले बघा, सुटे घेऊ नका. म्हणून आम्ही अर्धे ते, भिजवून, आणि अर्धे घरचे चिकन असे ठेवले. घरच्यात काही कमी पडले तर पिशवी भरून काढते. बाजूला पाण्याची वाटी कायम.

शाकाहारी घरांतून मला प्रश्न आला आहे. दूध, पनीर, अंडे, यावर होईल का? नाही होणार. शिजवलेले अंडे चांगले, पण पूर्ण जेवण नव्हे. घरात मांस शिजवायचे नसेल तर कोरडे खाद्य बाहेरच्या डब्यात ठेवा, हाताने उचलायचे नसेल तर चमचा ठेवा. तेही मनाला पटत नसेल तर मांजर पाळू नका. तुमच्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण तिचा भार पिल्लाच्या डोळ्यांवर टाकू नका.

जंत हा मात्र माझा विषय. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे आणि पाठ काडीसारखी असेल तर ते पोट भरलेले नाही, जंतांनी फुगलेले आहे. जंत आईच्या दुधातूनच येतात. औषध स्वस्त आहे, पण वजनावर असते, ते डॉक्टरांनाच विचारा. नाहीतर तुम्ही घातलेले अर्धे चिकन जंत खातात. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुरून देऊ नका. त्या एका गोळीने मांजर मरते.

धानी आता सात महिन्यांची आहे. तिचे लसीकरण झाले, मागच्या महिन्यात नसबंदीही झाली, तो खर्च देखभाल निधीतून करायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. दोन मते विरोधात पडली, तीही नोंदली आहेत. ती वॉचमनच्या खोलीत झोपते आणि मुलांच्या पाळ्यांप्रमाणे जेवते. या महिन्यात सी विंगची पाळी आहे.

काटा माझ्याकडेच असतो. कोणाला पिल्लू सापडले तर रात्री दोनलाही बेल वाजवा. फक्त काटा धुऊन परत आणा, सौ. त्याच काट्यावर दिवाळीच्या चिवड्याचे पोहे मोजते.