ओंडका न पाहिलेले सुतार



संमेलनाच्या स्वागताध्यक्षांनी माझी ओळख ‘लाकूड उद्योगातले जाणकार’ अशी करून दिली. खरं सांगायचं तर मी कुडाळकडच्या एका आरागिरणीत भुसा भरणाऱ्या माणसाचा मुलगा. नंतर वखारीत हिशेब लिहिले, आणि तिथून आखातात आलो. बहरीनच्या जिदहफ्समध्ये उभं राहून लाकडावर बोलायचं हीसुद्धा मौजच आहे. खजूर सोडला तर या बेटावर झाड शोधावं लागतं.

सकाळी इथे येताना बाजारामागच्या एका सुतारकामाच्या दुकानात डोकावलो. पोरगा मालवणचा, वय पंचवीसच्या आसपास. एमडीएफच्या कडेला पट्टी चिकटवत होता आणि हात चांगला तयार होता. त्याला विचारलं, ‘सालीसकट ओंडका कधी बघितलास?’ हसून म्हणाला, ‘काका, फोटोत बघलंय.’

त्या उत्तरामुळे मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आहे.

आमच्या गिरणीत ओंडका ट्रॉलीवर चढला की चिरणारा मिस्त्री पट्टा लगेच सुरू करत नसे. तो ओंडक्याभोवती एक फेरी मारायचा. कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकून आवाज ऐकायचा, पोकळ आहे का ते त्यावरून कळे. गाठ कुठे, पीळ कुठल्या बाजूला, भेग किती आत गेली आहे, हे पाहून खडूने एक रेघ ओढायचा. पहिला काप चुकला की सबंध सागवान वाया. चिराईचे पैसे घनफुटावर मिळत, त्या फेरीचे कोणी देत नसे. सगळी विद्या मात्र त्या फेरीतच होती. फणस चिरला त्या दिवशी वडील घरी आले की पाय हळद लावल्यासारखे पिवळे असत, आणि आई त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवी. होळीनंतर गिरणीला उसंत नसे, कारण आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या लागत. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि कोकणातल्या गिरण्यांचा तो हंगाम गेला. त्याची कुठे बातमीही आली नाही.

मोठा घाव मात्र दिल्लीहून आला. केरळमधल्या नीलंबूरच्या गोदावर्मन थिरुमुलपाड यांनी 1995 साली जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने जंगलातल्या आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने केंद्राच्या परवानगीशिवाय चालवायला बंदी आली. 4 मार्च 1997 ला तर आपल्या महाराष्ट्राचं आणि उत्तर प्रदेशाचं नाव घेऊन न्यायालयाने सांगितलं की विनापरवाना गिरण्या ताबडतोब बंद करा आणि नवे परवाने देऊ नका. तरीही आपल्याकडे काहींना मुभा दिली गेली. 10 मे 2006 रोजी न्यायालयाच्या अवमानाबद्दल तत्कालीन वनमंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना एक महिन्याची साधी कैद झाली. गिरण्या चालू ठेवल्या म्हणून मंत्र्याला तुरुंग, असं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.

इथे बसलेल्या काहींना आवडणार नाही, तरी बोलतो. न्यायालय बरोबर होतं. रात्री येणारे ट्रक, वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का नसलेला माल, सकाळपर्यंत त्याच्या झालेल्या फळ्या हे सगळं आपण पाहिलं आहे, आणि काहींनी केलंही आहे. ओंडका चिरला की त्याचा पुरावा भुशात जातो. त्यामुळे जंगल वाचवायचं तर गिरणीवर बोट ठेवावंच लागतं.

माझी तक्रार पुढची आहे. नवा परवाना मिळत नाही म्हटल्यावर जुन्या परवान्याला जमिनीसारखी किंमत आली. तो ज्याला परवडला, त्याची गिरणी वाढली. लाकूड तर लागतच होतं, ते समुद्रावरून येऊ लागलं. न्यूझीलंडचा पाइन, मलेशियाचं कठीण लाकूड, आफ्रिकेचा साग कांडला बंदरात उतरतो आणि गांधीधामला चिरला जातो. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा बर्मा सागाचे भाव तुम्हीच लोकांना समजावून सांगत होतात. तालुक्याची गिरणी बसली आणि बंदराची गिरणी उभी राहिली. शेताच्या बांधावरची बाभूळ, जांभूळ, वादळात पडलेला आंबा चिरून घ्यायला आता शेतकऱ्याला लांबवर टेम्पो करावा लागतो. भाडं चिराईहून जास्त होतं, म्हणून तो ते जळणात घालतो.

गिरण्या बंद पडणं हे केवळ आपल्याकडचं नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात भुंग्याने पाइनची जंगलं खाल्ली, कच्चा माल आटला आणि गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. कॅनफोर या लाकूड कंपनीने व्हँडरहूफ आणि फोर्ट सेंट जॉन इथल्या गिरण्या बंद करत असल्याचं 2024 मध्ये जाहीर केलं. तिथे गिरणी म्हणजे अख्ख्या गावाची चूल.

समुद्रावरून लाकूड आणणं बहरीनला जुनंच आहे. इथल्या मोतीवाल्यांची गलबतं मलबारच्या सागाची. मुहर्रकच्या जुन्या घरांत छताला पूर्व आफ्रिकेहून आलेले खारफुटीचे वासे दिसतात, आणि वाशाची लांबी जितकी, तितकीच खोलीची रुंदी. कुठल्याशा खाडीतल्या झाडाने इथल्या माणसाची खोली ठरवली. निदान त्या घरमालकाला आपलं लाकूड कुठून आलं ते माहीत होतं. आपल्याला बिलावर ‘व्हाइटवुड’ एवढंच वाचायला मिळतं.

जंगलाला हात न लावता चालणारी, बांधावरचं झाड चिरणारी, परवान्याची लहान गिरणी तालुक्याला हवी, हे माझं मत. 2016 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी नव्या उद्योगांचा विचार करण्याचं काम राज्यांच्या समित्यांकडे दिलं आहे. तिथे अर्ज करायला आपल्यातलं कोणीतरी गेलं पाहिजे.

आणि एक काम त्याहून सोपं. मे महिन्यात सुट्टीवर जाल तेव्हा आपल्या तालुक्यात कुठली गिरणी चालू आहे ते बघा. जुना मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि ओंडक्याभोवतीची त्याची फेरी मोबाइलवर टिपून आणा, तो काय बघतो आणि काय म्हणतो त्यासकट. पुढच्या संमेलनात अध्यक्षाचं भाषण नसलं तरी चालेल. ती चित्रफीत लावू, आणि बाजारामागच्या त्या मालवणच्या पोराला पहिल्या रांगेत बसवू.