ओढतो खरा, पण थांबवतो का?

सटाण्याच्या बाजार समितीकडे उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या निघाल्या, की ट्रॅक्टर किती एचपीचा याचीच चर्चा होते. एचपी ओढण्यापुरती, थांबवायचं काम ट्रॅक्टरचं वजन आणि ब्रेक करतात. 45 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा. मागे त्याच्या दुप्पट कांदा, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नाहीत! ताहाराबादपुढच्या शेलबारी घाटात उतरताना अशी ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर आडवा करते.

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणं ही फार महागडी काटकसर आहे. शेतात सुटे वापरलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येताना पट्टीने जोडा. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

दोनचाकी ट्रॉलीत माल फार पुढे रचला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. फार मागे रचला, तर हूकच वर उचलला जातो. भार ॲक्सलच्या किंचित पुढे हवा. हुकाच्या पिनेला लॉक लावा, जोडीला साखळी. आणि नवी ट्रॉली बांधून घेताना, चार पैसे जास्त गेले तरी, ब्रेकवालीच सांगा.