‘तू जिंकलीस’ कोण म्हणणार?

(मस्तगड, जालना येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, ‘जेकॉम्प्री’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘मला समजलं’. लहान मुलांसाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर २००० साली ब्रुनो कुद्वाँ यांनी सुरू केलं. कोणतीही शाळा ते वेगळी परवानगी न मागता वापरू शकते, बदलू शकते, वाटू शकते. त्यातली वाक्यं मराठीत आणायला मी विनामोबदला हातभार लावते.

इंग्रजीत ‘यू वन’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘तू जिंकलास’ लिहिलं, की समोर बसलेली मुलगी वगळली जाते. म्हणून मी ‘तुम्ही जिंकलात’ सुचवते.

बायकांच्या फुकट श्रमांबद्दल आपण बोलतो. मग हे काय, असं तुम्ही विचाराल. हे काम मी स्वतः निवडलंय, आणि त्याचं फळ कुणी एकट्याने कुलुपात ठेवू शकत नाही.

शिक्षिका असाल, तर तुमच्या वर्गातल्या मुलींचे शब्द मला कळवा.