भट्टीचा आकडा आणि बोर्डाचा ताप



वसंत व्याख्यानमालेत भट्टीवर बोलावयाचे, आणि तेही तळोद्यात, ऐन उन्हाळ्यात! सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना उष्म्याविषयी आम्ही नवे काय सांगणार? वर्तमानपत्रात छापलेला आकडा वेगळा आणि पत्र्याच्या खोलीत अंथरुणाला लागणारा चटका वेगळा, हे तुम्हांस अंगानेच ठाऊक आहे. आमचा विषय त्याच फरकाचा आहे.

मोबाइल, दिवा, पंपाची पेटी, काहीही उघडा. आत एक हिरवा बोर्ड दिसेल. त्यावरचे काही भाग तिळाहूनही लहान असतात. त्यांना बोर्डाशी जोडणारा धातू म्हणजे डाख. आता हे काम बहुतेक भट्टीत होते. डाखाची पेस्ट बोर्डावर छापावयाची, तीवर भाग मांडावयाचे, आणि बोर्ड सरकत्या साखळीवरून लांबट भट्टीतून न्यावयाचा. पाचसात मिनिटांत तो दुसऱ्या टोकाला तयार.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी कल्हईवाला पाहिला असेल. भांडे तापवून नवसागर भुरभुरला की पांढरा धूर निघे, आणि कापसाच्या बोळ्याने कथील सरसर पसरे. भांडे थंड असले तर कथलाच्या गाठी होत. फार तापले तर काळवंडे. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते, हा आकडा त्याला कोणी सांगितला नव्हता. धूर आणि रंग पाहून त्याला ते कळे. पण त्याच्यापुढे एकच भांडे, आणि तेही उघडे! बंद भट्टीतल्या बोर्डावर सांधे हजारो, आणि पाहणारा बाहेर.

शिसे-कथलाचा जुना डाख 183 अंशांना वितळे. शिसे विषारी म्हणून युरोपाने 1 जुलै 2006 पासून त्यावर निर्बंध घातले. आपल्याकडेही 2012 साली अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत त्यावर मर्यादा आली. आता सर्रास वापरतात त्या डाखात शेकडा 96.5 भाग कथील, 3 भाग चांदी आणि अर्धा भाग तांबे. तो 217 अंशांपासून वितळू लागतो, पण नीट भिजून पसरावयास 235 च्या आसपास जावे लागते. उलट बाजूला, कित्येक भाग 245 ते 260 च्या पुढे टिकत नाहीत. एवढ्या चिंचोळ्या बोळातून सगळा बोर्ड न्यावयाचा असतो.

शिवाय चालही सांभाळावी लागते. आरंभी सेकंदाला एक ते तीन अंशांनी तापवावे. मग दीडशे ते दोनशेच्या दरम्यान मिनिट-दीड मिनिट रमू द्यावे, म्हणजे जड भाग हलक्यांना गाठतात. 217 च्या वर सुमारे मिनिटभर. पुढे बेताने निववावे. घाई झाली तर लहान भागाचे एक टोक आधी भिजते आणि तो थडग्याच्या दगडासारखा उभा राहतो. या चढउताराच्या आलेखालाच कारखान्यांत प्रोफाइल म्हणतात.

आता आमची चूक सांगतो. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे वर्कशॉप होते. तेथे पंपाच्या पेट्यांचे बोर्ड होत. नवा बोर्ड आला, तांबे जास्त, जोडणीचे तुकडे जाडजूड. आम्ही भट्टीच्या पडद्यावरचे आकडे जुनेच ठेवले आणि वहीत रोज इमानाने लिहिले. मे महिन्यात पेट्या परत येऊ लागल्या. तापीकाठचा एक पपईवाला पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "दादा, विहिरीत पाणी आहे, लाइट आहे, हीच बोलत नाही." आठ दिवस त्याच्या झाडांना पाणी मिळाले नव्हते. भिंगाखाली पाहिले तर जाड तुकड्याखालचा सांधा करडा, खडबडीत, अर्धा चिकटलेला.

मग जे आधी करावयाचे ते केले. भागांसह एक चांगला बोर्ड बळी दिला. थर्मोकपल म्हणजे दोन निराळ्या धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की अंशामागे सुमारे 41 मायक्रोव्होल्ट दाब देतो. अशा चार तारा चार जागी बसवल्या: जाड तुकड्याखाली, सर्वांत लहान भागापाशी, कडेला, मधोमध. नोंद घेणारी पेटी उष्णतारोधक डब्यात घालून बोर्डामागोमाग भट्टीत सोडली. पडद्यावर 250, लहान भागापाशी 243, आणि जाड तुकड्याखाली केवळ 221, तेही दहा सेकंद!

भट्टीची आच वाढवावी, असे पहिल्यांदा कोणाच्याही मनात येते. तसे केले असते तर लहान भाग करपले असते. आम्ही साखळीचा वेग कमी केला, मधला विसावा वाढवला. तीनदा फिरवल्यावर 236 आणि 247 जमले.

एक बोर्ड फुकट जातो म्हणून ही मोजणी टाळणारे पुष्कळ आहेत. तेव्हा आम्हीही त्यांतलेच. मोजणी आग्रहाने मागणाऱ्या पोराला "वेळखाऊ" म्हणून आम्हीच गप्प बसवले होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या भागातली मुले आज पुण्याला, गुजरातेत अशा भट्ट्यांवर कामाला जातात. त्यांच्या घरची मंडळी येथे बसली असतील, म्हणून हे मुद्दाम बोललो.

तो बळी दिलेला बोर्ड आम्ही सोबत आणला आहे. पहिल्या रांगेपासून पाहून पुढे द्यावा. कडेची एक तार सैल झाली आहे. तेवढी ओढू नये.