जुगार: बंदी कीं नियमन?

जुगाराविषयीं राज्यकर्त्यानें काय करावें, हा प्रश्न आजचा नाहीं. राजानें द्यूत आपल्या राष्ट्रांतून घालवून द्यावें, असा मनुस्मृतीचा आदेश आहे. उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी आढळतो. त्यानें जुगार एकाच ठिकाणीं चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे, अशी व्यवस्था तेथें सांगितली आहे. चोरटेपणानें उपजीविका करणारे लोक त्यायोगें ओळखूं यावेत, हाहि त्यांतील एक हेतु होता. आजच्या कायदेमंडळांत जे पक्ष उभे राहतात, ते हेच दोन. बदललें आहे तें जुगाराचें ठिकाण. तें आतां प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें आलें आहे.

मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा अड्डा डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. छापा घालावयाचा तर घर, खोली किंवा जागा हवी. पत्ते, फांसे, पैसे हस्तगत व्हावयास हवेत. हा कायदा असतांहि मुंबईंत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लागत. पुढें १९६० नंतर मडक्यांतून चिठ्ठी काढून आकडा ठरविण्याची पद्धत पडली आणि मटका हें नांव सर्वतोमुखी झालें. नियमनाचा पुरस्कार करणारे याच इतिहासाकडे बोट दाखवितात. बंदीनें जुगार थांबत नाहीं, तो गुंडांच्या हातीं मात्र जातो. त्यापेक्षां परवाना द्यावा, कर घ्यावा आणि नजर ठेवावी, असें त्यांचें म्हणणें. हें म्हणणें सहज झिडकारण्यासारखें नाहीं.

न्यायमूर्ति लोढा समितीनें जानेवारी २०१६ च्या अहवालांत क्रिकेटवरील पैज कायदेशीर करण्याची शिफारस केली. विधि आयोगानें जुलै २०१८ मधील २७६ व्या अहवालांत बंदीच इष्ट मानली. परंतु ती पूर्णपणें अंमलांत आणणें शक्य नसेल तर नियमनावांचून गत्यंतर नाहीं, असें म्हटलें. त्यासाठीं घातलेल्या अटी कडक होत्या. व्यवहार रोखीनें होऊं नये. खेळणाऱ्याची नोंद आधार व पॅन क्रमांकांशीं जोडलेली असावी. ठराविक मुदतींत किती वेळां खेळावें यास मर्यादा असावी. अल्पवयीन मुलें आणि सरकारी अनुदानावर अवलंबून असणारीं माणसें यांस मज्जाव असावा. त्याच वर्षीं लोकसभेंत शशी थरूर यांनीं ऑनलाइन खेळांच्या नियमनासाठीं खासगी विधेयकहि मांडलें.

येथें थोडें गणित पाहणें अवश्य आहे. युरोपीय पद्धतीच्या रूलेट चक्रावर सदतीस घरें असतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावला तर सदतीस रुपये जातात, आणि कोणतेंहि घर लागलें तरी छत्तीस परत येतात. म्हणजे रुपयामागें पावणेतीन पैशांच्या आंतच पेढीचा नफा! हें ऐकून कोणासहि खेळ निरुपद्रवी वाटेल. परंतु मोबाइलवर एक फेरी अर्ध्या मिनिटांत आटोपते असें धरूं. दर फेरीस शंभर रुपये लावणाऱ्याच्या शंभर फेऱ्या तासाच्या आंत होतात. दहा हजारांची उलाढाल होते आणि तींतील सरासरी दोनशें सत्तर रुपये पेढीकडे राहतात. अड्ड्यावर जावयाचें तर पायपीट होती, ओळखीच्या माणसाची लाज होती, रात्रीं दार बंद होत असे. मोबाइलला दार नाहीं. फसवणूक मुळींच न करतां, नुसत्या वेगानें येथें घर बुडतें. म्हणून खेळ प्रामाणिक असावा एवढें पाहणारें नियमन अपुरें पडतें. त्यानें वेगास व रकमेसहि लगाम घातला पाहिजे.

नियमनाचा मोठा प्रयोग ब्रिटननें केला. तेथील २००५ चा जुगारविषयक कायदा सप्टेंबर २००७ पासून अंमलांत आला. उधारीच्या कार्डावर जुगार खेळण्यास बंदी आली ती एप्रिल २०२० मध्यें. ऑनलाइन स्लॉट खेळांत एका डावास पांच पौंडांची मर्यादा पडली ती एप्रिल २०२५ मध्यें, आणि चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीं दोन पौंडांची मर्यादा त्याच्या पुढच्या महिन्यांत. परवाना प्रथम मिळाला आणि लगाम सतरा-अठरा वर्षांनीं आला.

आपल्या शेजारच्या गोव्यांत १९९० नंतरच्या दुरुस्त्यांनीं पंचतारांकित हॉटेलांत व पुढें जहाजांवर कॅसिनोंस मुभा मिळाली; मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांस खेळण्यासाठीं तेथें प्रवेश बंद करण्यांत आला. परक्यांच्या पैशावर कर घ्यावा आणि आपल्या माणसास उंबरठ्याबाहेर ठेवावें, यांतच त्या धंद्याविषयींचें मत व्यक्त होतें. महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोंचा कायदा केला. तो एक दिवसहि अंमलांत न आणतां २०२३ मध्यें रद्द केला.

ऑनलाइन खेळांच्या बाबतींत केंद्र सरकारनें प्रथम कराचा मार्ग धरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर शेंकडा अठ्ठावीस जीएसटी बसला. दोन वर्षें होण्यापूर्वींच धोरण फिरलें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, तो चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यांत ठरली. खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार मानलेलें नाहीं. या कायद्यास न्यायालयांत आव्हानहि देण्यांत आलें.

खेळणाऱ्यास शिक्षा नाहीं, हा या कायद्यांतील सर्वांत शहाणपणाचा भाग होय. कर्जांत बुडालेला मुलगा बापाजवळ तोंड उघडील तर तो वांचेल; तुरुंगाची भीति असेल तर तो गप्प बसेल आणि आणखी कर्ज काढील. जुगाराची अनावर ओढ हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत नमूद आहे. मनःस्वास्थ्याविषयीं सल्ला देणारी टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, हें प्रत्येक घरीं माहीत असावें.

बंदीनेंच सर्व होईल असें मात्र मानूं नये. परदेशांतून चालणारी पेढी छाप्यास सांपडत नाहीं. तिच्याकडे जाणारा पैसा अडवावा लागतो, आणि तें काम बँकांचें आहे. तें झालें नाहीं तर मटक्याचा इतिहास पुन्हां घडेल आणि परवान्याचें विधेयक पुन्हां पुढें येईल. तें आलें असतां सुशिक्षित नागरिकानें तीन गोष्टी विचाराव्या: रकमेची व वेळेची मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे काय? जाहिरातीस मनाई आहे काय? आणि बुडालेल्या कुटुंबांच्या उपचारासाठीं करांतील कांहीं भाग कायद्यानेंच राखून ठेवला आहे काय? या तिहींचें उत्तर होकारार्थी नसेल, तर त्या विधेयकास नियमन म्हणतां येणार नाहीं. लोकांच्या हरण्यांत सरकारनें मागितलेला तो केवळ वांटा ठरेल.