चारही बाजूंचा समास

जुनं टपाल तिकीट हातात आलं, की आपण चित्र पाहतो, साल पाहतो. जाणकार आधी चित्राच्या बाहेर पाहतो. चित्राभोवतीचा कोरा समास चारही बाजूंना सारखा आहे का, हा त्याचा पहिला प्रश्न. याला संग्राहक सेंटरिंग म्हणतात. एकाच मालिकेतल्या, एकाच किमतीच्या दोन तिकिटांच्या भावात जो फरक पडतो, तो पुष्कळदा इथेच पडतो.

हे पाहायची एक सोपी रीत सांगतो. तिकीट चिमट्याने काळ्या कार्डावर ठेवा आणि उलटं फिरवा, डोकं खाली. चेहरा सुलट असतो तोवर नजर त्या चेहऱ्यातच गुंतते. उलटा केला, की डावीकडची कड निम्मीच आहे हे लगेच डोळ्यांत भरतं. मग मिलिमीटरची पट्टी लावून खात्री करून घ्या.

पण सगळ्या तिकिटांना एकच माप लावू नका. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे. तिकीट कसं छापलं, कसं कापलं, हे माहीत असल्याशिवाय त्याचा दर्जा ठरवता येत नाही.

जगातलं पहिलं डिंक लावलेलं टपाल तिकीट, ब्रिटनचं पेनी ब्लॅक, घ्या. १ मे १८४० ला ते विक्रीला आलं. एका तावावर २४० तिकिटं. बारा-बाराच्या वीस ओळी, म्हणजे एक ओळ एका शिलिंगाची आणि अख्खा ताव एका पौंडाचा. त्याला दाते नव्हतेच, तिकिटं कात्रीने कापून घ्यावी लागत. दोन तिकिटांमधली जागा चिंचोळी, कापणाऱ्याला घाई. अशा वेळी एका तिकिटाला ऐसपैस समास मिळाला, तर तो शेजारच्याच्या वाट्याचा असे. म्हणून ज्याचे चारही समास शाबूत आहेत असं पेनी ब्लॅक मोलाचं. तिथे ते अगदी सारखे हवेत असा हट्ट धरू नये. आपल्याकडे १८५४ साली कलकत्त्याला शिळाप्रेसवर छापलेल्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटालाही हाच न्याय लावायला हवा. तीन बाजू भरपूर, चौथी जेमतेम चित्राला टेकलेली, पण रंग ताजा आणि शिक्का स्वच्छ, असं तिकीट मी आनंदाने घेईन.

त्याच १८५४ साली ब्रिटनमध्ये दातेरी तिकिटं नियमितपणे येऊ लागली. आता कात्री गेली, तरी चित्र सरकायचं थांबलं नाही. कागद ओलसर करून त्यावर छपाई होई. वाळताना तो आकसे, आणि सगळीकडे सारखा आकसत नसे. छिद्रं पाडणाऱ्या सुयांचं अंतर मात्र ठरलेलं. मग एखाद्या ओळीतले दाते थेट चित्रातच घुसत. अशा छपाईत नेमकं मधोमध बसलेलं तिकीट दुर्मीळच, आणि त्याला जादा पैसे मोजणं रास्त आहे. आधुनिक यंत्रावरच्या तिकिटाला तेवढ्यासाठी जादा मोजायचं कारण नाही.

अमेरिकेत शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रुळली आहे. व्हेरी फाइनला ८०, एक्स्ट्रीमली फाइनला ९०, सुपर्बला ९८. खरेदी-विक्रीत त्याचा उपयोग होतो हे खरं, पण आकडा वाचून तिकीट पाहिल्यासारखं होत नाही.

दर्जा म्हणजे नुसतं सेंटरिंगही नव्हे. तिकीट उजेडासमोर धरा, कागद कुठे विरला असेल तर तिथून उजेड जास्त येईल. दाते मोजा, कोपऱ्यातला दाता तुटका आहे का पाहा. आणि मागची बाजू पाहाच. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेलं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट स्वित्झर्लंडमध्ये उत्तम छापलं गेलं. मात्र आपल्या दमट हवेत तिकिटांच्या डिंकावर तांबूस डाग पडतात, डिंक चिकटतो. कोरं तिकीट मूळ डिंकासह नितळ राहिलं असेल तर त्याचा भाव चढतो, आणि म्हणूनच जुन्या तिकिटांना नवा डिंक फासायचे उद्योगही चालतात. ते ओळखायची खूण दात्यांच्या टोकांवर असते. असल्या जुन्या तिकिटांच्या तावाला डिंक आधी लागे आणि छिद्रं नंतर पडत, त्यामुळे फाटलेल्या टोकांशी कागदाचे मऊ तंतू दिसतात. नंतर फासलेला डिंक या टोकांत मुरतो आणि ती ताठ होतात. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं.

तरुण संग्राहकांना एक विनंती आहे. समास सारखे दिसावेत म्हणून तिकिटाची कड छाटू नका, डाग घालवायला रसायनात बुडवू नका, आणि कोणी तसं करून दिलेलं तिकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.